तेजोमेघाची हिरवी रेघ

मृग नक्षत्र मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. सूर्य मृगात आला की पेरणीची घाई सुरू होते, हे अंबड-परतूरकडच्या कोणत्याही गावात लहान मूलदेखील सांगेल. पण हेच मृग माघ-फाल्गुनात संध्याकाळनंतर डोक्यावर येते, तेव्हा त्याच्या पोटात रुतलेल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखाली जो एक पुसट, धुरकट ठिपका दिसतो, त्याच्याकडे मुद्दाम पाहणारे थोडे. तो ठिपका म्हणजे मृगातला तेजोमेघ. आपल्यापासून सुमारे तेराशे प्रकाशवर्षे दूर असलेला हा वायूचा अफाट ढग आहे आणि त्याच्या पोटात आजही नवे तारे जन्मास येत आहेत.

हल्ली या तेजोमेघाची छायाचित्रे हौशी मंडळी आपल्या घराच्या गच्चीवरून काढतात. तांबडे-निळे पडदे उलगडावेत तसे ते चित्र दिसते. मग दुर्बिणीला डोळा लावणारा माणूस करड्या ठिपक्याशिवाय काही न दिसल्याने खट्टू होतो आणि विचारतो, "ही चित्रे खरी की रंगवलेली?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही, कारण तेजोमेघाचे चित्र नुसते 'काढले' जात नाही, ते काढल्यावर 'घडवावे' लागते. आकाशात आहे ते उघड करणे निराळे आणि नाही ते घालणे निराळे. या दोहोंमधली सीमा सांभाळण्याचा जो इतिहास आहे, त्यातली काही महत्त्वाची पाने आपल्याच मुलखात लिहिली गेली. ती आज आपल्यापुढे उघडावयाची आहेत.

छायाचित्रणापूर्वी तेजोमेघाची चित्रे हाताने काढीत. निरीक्षक अंधारात दुर्बिणीपाशी बसे, दिसले ते ध्यानात धरी आणि मिणमिणत्या दिव्यापाशी येऊन कागदावर उतरवी. मृगातल्या तेजोमेघाची अशी शेकडो चित्रे निघाली, आणि दोन माणसांची चित्रे एकमेकांशी जुळली तर शपथ! चित्रांतला फरक पाहून काही विद्वानांनी तेजोमेघच बदलत असला पाहिजे असा तर्क बांधला. १८८२ साली होल्डन या अमेरिकन ज्योतिर्विदाने ही सारी चित्रे शेजारी शेजारी मांडून मोठा प्रबंध लिहिला. पण एव्हाना हाताच्या चित्राचे दिवस भरत आले होते. ३० सप्टेंबर १८८० रोजी न्यूयॉर्कच्या हेन्री ड्रेपर यांनी ५१ मिनिटे काच उघडी ठेवून या तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले होते. १८८३ साली लंडनजवळच्या ईलिंग येथे अँड्र्यू कॉमन यांनी ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीने घेतलेल्या छायाचित्रात तर डोळ्याला कधीच न दिसलेले तारे उमटले. ड्रेपर धंद्याने वैद्यकाचे, कॉमन गटारे-नळांचे एंजिनियर. दोघेही हौशी! तेजोमेघाच्या छायाचित्रणाचा पाया पगारी ज्योतिर्विदांनी घातलेला नाही, तो फुरसतीच्या रात्री जागणाऱ्यांनी घातला, ही गोष्ट आम्हांस मोठी लक्षणीय वाटते.

आता पुण्यास येऊ. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात पदार्थविज्ञान शिकविणारे कावसजी दादाभाई नायगांववाला या पारशी गृहस्थांना १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांनी पाच हजार रुपये दिले. मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. हेतू होता कॉलेजात वर्णपटाची एक प्रयोगशाळा काढण्याचा. उपकरणे घेण्यासाठी नायगांववाला १८८४ साली विलायतेस गेले, तेव्हा तिथल्या राजज्योतिषांनी आणि सर नॉर्मन लॉकयर यांनी त्यांना सल्ला दिला की प्रयोगशाळा कसली काढता, वेधशाळाच उभारा. मुंबईच्या दमट हवेपेक्षा पुण्याची हवा बरी म्हणून नायगांववालांची बदली पुण्याच्या सायन्स कॉलेजात झाली आणि १८८८ साली 'महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा' तेथे सुरू झाली. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातली वीस इंची परावर्तक दुर्बीण हे तिचे मुख्य वैभव. त्या काळी हिंदुस्थानात तिच्याएवढी मोठी दुर्बीण दुसरी नव्हती.

या दुर्बिणीने नायगांववाला मृगातल्या तेजोमेघाचा वर्णपट पाहू लागले. वर्णपट म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. लोलकातून प्रकाश गेला की त्याचे रंग फाकतात. ताऱ्याच्या प्रकाशाचा सलग पट्टा पडतो, परंतु विरळ वायूच्या प्रकाशाच्या सुट्या सुट्या रेघा पडतात. १८६४ साली विल्यम हगिन्स या आणखी एका हौशी इंग्रजाने एका तेजोमेघाचा प्रकाश असा फाकवला आणि त्याला मोजक्याच रेघा दिसल्या. तेजोमेघ हे दूरच्या ताऱ्यांचे पुंज नसून खरोखरच वायू आहेत, हे त्या दिवशी सिद्ध झाले. त्या रेघांपैकी सर्वांत ठळक रेघ हिरवी होती. आणि गंमत अशी की ती पृथ्वीवरच्या कोणत्याही मूलद्रव्याशी जुळेना.

लॉकयर म्हणाले, ही रेघ मॅग्नेशियमची आहे. त्यांचा सिद्धान्त असा की सारे विश्व उल्कांच्या थव्यांतून घडले, तेजोमेघ म्हणजे आदळणाऱ्या उल्का, आणि तापलेल्या उल्कांतल्या मॅग्नेशियमच्या वर्णपटात या ठिकाणी एक पट्टा येतो, त्याचीच ही कड. पट्ट्याची कड असेल तर रेघ एका बाजूस धारदार आणि दुसऱ्या बाजूस पुसट होत गेलेली दिसली पाहिजे. हगिन्स यांना हे मान्य नव्हते आणि वाद पेटला. १८९१ साली नायगांववालांनी पुण्याहून आपले निरीक्षण रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीकडे कळवले, की रेघ दोन्ही बाजूंनी सारखीच धारदार आहे आणि पाहण्याची परिस्थिती बदलली तरी ती तशीच राहते. ज्या लॉकयर यांच्या सल्ल्याने ही वेधशाळा उभी राहिली, त्यांच्याच लाडक्या सिद्धान्ताच्या विरुद्ध ही साक्ष होती. दुर्बीण ज्याच्या सल्ल्याने मिळाली त्याला आवडेल तेच दुर्बिणीत दिसावे असा मोह कोणास झाला नसता? नायगांववालांनी जे दिसले ते लिहिले. आमच्या मते पुण्याच्या वेधशाळेच्या साऱ्या आयुष्यात याहून मोलाचे कार्य दुसरे घडले नाही.

जाता जाता एक गोष्ट. याच पुण्यात, याच सुमारास, लोकमान्य टिळक वेदांतल्या मृगशीर्षाच्या उल्लेखांवरून वेदकाल ठरवीत होते. त्यांचा 'ओरायन' हा ग्रंथ १८९३ साली प्रसिद्ध झाला. एकाच शहरात एक विद्वान मृगाकडे पोथीतून पाहत होता आणि दुसरा लोलकातून. पुण्याने त्यातला एक लक्षात ठेवला. नायगांववालांचे नाव मात्र आज पुण्यात किती जणांना ठाऊक असेल? असो.

ती हिरवी रेघ कशाची, याचा उलगडा व्हायला पुढे छत्तीस वर्षे लागली. दरम्यान 'नेब्युलियम' नावाचे एक नवेच मूलद्रव्य लोकांनी कल्पून टाकले. १९२७ साली आयरा बोवेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवले की ही रेघ आपल्या नेहमीच्या प्राणवायूचीच आहे. परंतु दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या आणि कल्पनेपलीकडे विरळ झालेल्या प्राणवायूची. आपल्या प्रयोगशाळेत अणू एकमेकांना क्षणोक्षणी धडकतात, त्यामुळे ही रेघ उमटण्याइतकी उसंतच त्यांना मिळत नाही. तेजोमेघात ती मिळते. तिची तरंगलांबी ५००.७ नॅनोमीटर. हा आकडा श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

पुण्याच्या निरीक्षणात प्रश्न डोळ्याचा होता. आता काचेचा प्रश्न कसा उभा राहिला ते पाहू, आणि त्यासाठी २२ जानेवारी १८९८ या दिवसाकडे वळले पाहिजे. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणकिनाऱ्यावर विजयदुर्गापाशी उतरली. तेथे लॉकयर स्वतः तळ ठोकून होते. सोलापूरकडच्या जेऊर येथे नायगांववालांचे पथक होते आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कँपबेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन आले होते. तेथून सावली बीड-परभणीच्या बाजूने मराठवाडा ओलांडून वऱ्हाडात गेली. वऱ्हाडाकडे पुलगाव आणि तळणी येथे पुन्हा इंग्रज ज्योतिर्विदांचे तळ होते. आपल्या गोदावरीखोऱ्यात मात्र या नामांकित पथकांपैकी एकाचाही तळ नव्हता! कारण सरळ आहे. जेऊर, पुलगाव, तळणी ही सारी जी.आय.पी. रेल्वेची स्टेशने. मनमाडहून जालन्यावरून हैदराबादेस जाणारी गोदावरी व्हॅली रेल्वे १९००च्या सुमारास सुरू झाली. म्हणजे ग्रहण दोन वर्षे लवकर आले म्हणायचे. जड पेट्या आणि काचा बैलगाडीवरून निजामी मुलखात नेण्यास कोणी धजले नाही.

तळणीला जो तळ होता तो ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या हौशी मंडळींच्या संस्थेचा. त्यात ॲनी माँडर या बाई होत्या. त्या पूर्वी ग्रिनिच वेधशाळेत गणिताचे काम करीत. १८९५ साली लग्न झाल्यावर तिथल्या रिवाजाप्रमाणे नोकरी सोडावी लागली आणि त्या 'हौशी' ठरल्या. त्यांचा कॅमेरा होता अवघ्या दीड इंच भिंगाचा. ग्रहण जेमतेम दोन मिनिटांचे. पण त्या चिमुकल्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडळाचा एक किरण इतक्या दूरवर टिपला की तेवढा लांब किरण तोवर कोणाच्याच काचेवर आला नव्हता. चाळीस फुटी कॅमेऱ्याला जे जमले नाही ते दीड इंचाला कसे जमले? यात चमत्कार काही नाही. तारा हा बिंदू आहे, त्याच्यासाठी भिंग जितके मोठे तितके चांगले. परंतु पसरलेल्या अंधुक वस्तूचा उजेड काचेवर किती दाट पडतो हे नुसत्या भिंगाच्या आकारावर नव्हे, तर भिंगाचा व्यास आणि त्याचे नाभ्यंतर यांच्या प्रमाणावर ठरते. लांबलचक कॅमेऱ्यात तोच उजेड मोठ्या जागेवर पातळ होऊन पसरतो. तूप तेवढेच, पोळी चौपट, मग चव कशी लागणार! तेजोमेघाच्या छायाचित्रणाचे हे मूळ सूत्र आहे, आणि चार इंची दुर्बीण घेऊन गच्चीवर बसणाऱ्या आजच्या हौशी माणसाची सारी आशा त्यावरच आहे.

असे अंधुक किरण काचेवर तर येत, पण छापताना नाहीसे होत. सूर्यालगतचा भाग नीट छापावा तर बाहेरचा काळा पडे, बाहेरचा उजळावा तर आतला पांढराफटक होई. यावर त्या काळचा तोडगा असा, की रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीतले वेस्ली नावाचे गृहस्थ एकाच ग्रहणाच्या कमीअधिक एक्स्पोजरच्या अनेक काचा तासन्‌तास न्याहाळीत आणि प्रत्येक काचेतला विश्वसनीय भाग घेऊन एक एकत्रित चित्र हाताने काढीत. आज संगणक अनेक फ्रेम एकावर एक रचतो, ते काम तेव्हा वेस्ली यांचा डोळा करी. फरक इतकाच, की त्यांच्या हातून आलेली रेघ काचेतली की मनातली, हे मूळ काच पाहिल्याशिवाय कोणास सांगता येत नसे.

काचेवरही काचेतलेच सारे खरे नसते. धुळीचा कण, पातळ लेपातला दोष, विकसनातला डाग हे सगळे ताऱ्यासारखेच दिसतात. यावरचा उत्तम उपाय ज्या कामात योजला गेला, त्या कामाशी जालन्याचा निराळा संबंध आहे. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि निजामाच्या राजधानीत, हैदराबादेस, नवाब जफर जंग यांनी १९०१ साली स्वखर्चाने एक वेधशाळा काढली. हे नवाबसाहेबही हौशीच. १९०८ साली सरकारने ती ताब्यात घेतली आणि ती 'निजामिया वेधशाळा' झाली. साऱ्या आकाशाचा छायाचित्रांवरून नकाशा आणि सूची करण्याचे एक प्रचंड आंतरराष्ट्रीय काम १८८७ साली पॅरिसच्या परिषदेत ठरले होते. त्यातला चिलीतल्या सँतियागो वेधशाळेला झेपेना असा दक्षिणेकडचा पट्टा हैदराबादेने उचलला. चॅटवुड, पोकॉक आणि त्यांच्यामागून टी. पी. भास्करन यांच्या देखरेखीखाली आठ इंची कॅमेऱ्याने काचांमागून काचा निघाल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली लाखो ताऱ्यांच्या जागा मोजल्या गेल्या.

या आंतरराष्ट्रीय नकाशाच्या काचांवर एक युक्ती ठरलेली होती. एकाच काचेवर तीन एक्स्पोजर घ्यायची, दर वेळी दुर्बीण केसभर सरकवायची, म्हणजे प्रत्येक ताऱ्याचे तीन ठिपके चिमुकल्या त्रिकोणात उमटतात. तारा खरा असेल तर त्रिकोण, एकटा ठिपका दिसला तर धूळ. किती साधी युक्ती! आणि हैदराबादेत मोजलेल्या त्या जागा वाया गेल्या नाहीत. २००० साली युरोपच्या हिप्पार्कस उपग्रहाच्या निरीक्षणांवरून 'टायको-२' ही ताऱ्यांची सूची झाली, तेव्हा तारे शंभर वर्षांत किती सरकले हे काढण्यासाठी याच जुन्या मापांचा आधार घेतला गेला.

आता आजच्या हौशी माणसाची रात्र पाहा, म्हणजे नवे किती आणि जुने किती ते कळेल. तो फिरत्या आकाशाबरोबर फिरणाऱ्या बैठकीवर लहान दुर्बीण आणि कॅमेरा बसवतो आणि तीन-तीन मिनिटांच्या शंभर फ्रेम घेतो. प्रत्येक फ्रेममध्ये तेजोमेघाचा उजेड तोच असतो, परंतु खरखर दर वेळी निराळी. शंभर फ्रेम एकावर एक रचल्या की उजेड शंभरपट होतो आणि खरखर दहापटच. मग तो कॅमेऱ्याचे झाकण लावून तेवढ्याच वेळाच्या काळ्या फ्रेम घेतो. त्यांत फक्त कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष असतात, ते वजा करायचे. हे दोष उष्णतेने वाढतात, दर सहा-एक अंशांना जवळजवळ दुप्पट. म्हणून आमच्याकडच्या चैत्र-वैशाखाच्या रात्री या कामाला फार कडू. नंतर दुर्बिणीच्या तोंडावर पांढरे फडके ताणून एकसारख्या उजेडाची काही चित्रे घेतो, त्यांत भिंगावरच्या धुळीच्या सावल्या दिसतात, त्यांनी भागायचे. आणि दर काही फ्रेमनंतर दुर्बीण केसभर सरकवतो. ती तीन ठिपक्यांची युक्तीच ही. जो ठिपका ताऱ्यांबरोबर सरकला नाही तो कॅमेऱ्याचा. डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल यांसारख्या फुकट मिळणाऱ्या संगणक प्रणाल्या हा सारा हिशेब करून देतात.

एवढे केल्यावर पडद्यावर काय दिसते? जवळजवळ काळे चित्र! तेजोमेघ त्यात असतो, पण सगळ्यांत खालच्या पायरीवर. मग अंधुक भागाच्या पायऱ्या रुंद करायच्या आणि उजळ भागाच्या अरुंद, म्हणजे तो वर येतो. इथवर जे घडले त्यात बाहेरून काही आलेले नाही. वजाबाकी झाली, बेरीज झाली, मोजपट्टी बदलली.

रंगाचे काय? येथे थोडे थांबले पाहिजे. अंधारात सरावलेला आपला डोळा ५०७ नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असतो. म्हणजे ती हिरवी रेघ त्याला बरोबर सापडते, आणि मोठ्या दुर्बिणीतून मृगातला तेजोमेघ हिरवट दिसतो तो त्यामुळे. हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची तांबडी रेघ मात्र अंधारात डोळ्याला दिसतच नाही. ड्रेपर आणि कॉमन यांच्या काचा निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच जागत. आजच्या कॅमेऱ्याला तांबडे उत्तम दिसते, मात्र बाजारी कॅमेऱ्यात पुढे बसवलेली गाळणी ते बरेचसे अडवते, म्हणून हौशी लोक ती काढवून घेतात. एकाच तेजोमेघाचे हे तीन साक्षीदार, आणि तिघांची साक्ष निराळी. खोटा कोणीच नाही. १९९५ साली हबल दुर्बिणीचे गरुड तेजोमेघाचे जे जगप्रसिद्ध चित्र निघाले, त्यात गंधकाला तांबडा, हायड्रोजनला हिरवा आणि प्राणवायूला निळा रंग दिला होता. खऱ्या आकाशात गंधक आणि हायड्रोजन दोघेही तांबडे! सर्व्हेच्या नकाशात डोंगर तपकिरी दाखवतात तसा हा संकेत आहे. कोणता रंग कशाचा हे चित्राखाली लिहिले, की तक्रारीला जागा नाही. लिहिले नाही, तर मात्र पाहणाऱ्याची फसवणूक होते असेच आम्ही म्हणू.

आता तो ५००.७चा आकडा. देवयानी दीर्घिका ही आकाशातल्या सर्वांत अधिक छायाचित्रे निघालेल्या वस्तूंपैकी एक. तिच्याजवळ नवे काही सापडेल असे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. पण २०२२ साली ड्रेक्सलर, स्ट्रॉटनर आणि सेंटी या तिघा युरोपीय हौशी निरीक्षकांनी केवळ ५००.७ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश सोडणारी गाळणी लावून, १०६ मिलिमीटरच्या, म्हणजे सुमारे चार इंची दुर्बिणीने शंभराहून अधिक तासांचे एक्स्पोजर जमवले. दीर्घिकेशेजारी दीड अंश लांबीची, म्हणजे तीन पौर्णिमेचे चंद्र ओळीत ठेवले तर जेवढी होईल तेवढी, एक निळसर कमान त्यांना दिसली. पुण्याच्या त्याच हिरव्या रेघेच्या प्रकाशात! पहिली शंका अर्थात हीच, की ही कमान आकाशातली की कॅमेऱ्यातली. परावर्तनाचा डाग असेल, फ्रेम रचताना काही चुकले असेल. म्हणून दुसऱ्या ठिकाणांहून, दुसऱ्या दुर्बिणींनी आणि दुसऱ्या कॅमेऱ्यांनी पुन्हा चित्रे घेतली गेली. कमान तेथेही आली, आणि मगच २०२३च्या आरंभी शोध जाहीर झाला. ती देवयानीजवळ आहे की आपल्याच आकाशगंगेतला एखादा वायूचा झुपका मध्ये आला आहे, यावर वाद चालू आहे. नंतरच्या काही निरीक्षणांचा कल ती आपल्या आकाशगंगेतली असावी याकडे आहे.

मूळ काचा जपून ठेवाव्यात हा जुना दंडक आज फार महत्त्वाचा झाला आहे. खरखर घालवून देणाऱ्या आणि धूसर चित्र धारदार करणाऱ्या नव्या संगणक प्रणाल्या हजारो जुन्या चित्रांवर शिकवलेल्या असतात. जेथे त्यांना नीट दिसत नाही, तेथे 'असे असायला हवे' ते त्या भरू शकतात. होल्डन यांनी मांडलेल्या चित्रांतले चित्रकारही तेच करीत होते, आणि तेही पूर्ण प्रामाणिकपणे. आमची सूचना अशी, की ज्या कोणास हा छंद लागेल त्याने मूळ फ्रेम, काळ्या फ्रेम आणि केलेल्या प्रत्येक क्रियेची नोंद एका वहीत ठेवावी. पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आणि मुंबईतले खगोल मंडळ १९८५ पासून अशा हौशी मंडळींना एकत्र आणीत आले आहेत. त्यांच्याकडून हात धरून शिकता येते.

पुण्याची वेधशाळा १९१२ साली नायगांववाला निवृत्त होताच बंद झाली आणि वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. तेथे तिला 'भावनगर दुर्बीण' म्हणत. जालना शहरात कारखान्यांच्या आणि रस्त्यांच्या दिव्यांनी आकाश पांढुरके होते खरे. पण केवळ हिरवी आणि तांबडी रेघ सोडणाऱ्या गाळण्यांना त्या दिव्यांचा फारसा जाच होत नाही. आणि गाळणी नसेल तर मंठा किंवा घनसावंगीकडच्या एखाद्या शेतात जावे. एप्रिलच्या मध्यावर संध्याकाळी आठला मृग पश्चिमेस बऱ्यापैकी वर असतो. साडेनऊपर्यंत साध्या द्विनेत्रीतूनही बाणाखालचा तो ठिपका दिसतो.